कादंबरीत नसलेली चांद्री

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

या वहीची प्रथम क्षमा मागते. दैनंदिनी लिहावी ती ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनी, आणि माझ्या आयुष्यात आजवर जे घडले ते बहुतेक पुस्तकांतच घडले आहे. दहावीला आणि बारावीला मी मराठी माध्यमातून केंद्रात पहिली आले, एवढे सोडले तर माझ्याविषयी कोणी काही बोलल्याचे ऐकिवात नाही. तरीही हे धाडस करीत आहे. कारण वर्गात तोंड उघडण्याचे धाडस मला होत नाही, आणि कुठेतरी ते उघडले पाहिजे असे अलीकडे वाटू लागले आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या इमारतीचे छप्पर दुरुस्तीला काढले आहे. त्यामुळे तृतीय वर्ष मराठीचा वर्ग काही आठवडे मोबाईलवरच भरणार. अभ्यासाला 'तारवाची वाट' ही अभिजात कादंबरी आहे. भागीरथीचा नवरा तारवावर चढून समुद्रात जातो आणि ती चारशे पाने त्याची वाट पाहते. रेणुका मॅडमनी नियम घालून दिला आहे. प्रत्येक प्रश्नाला वर्गाच्या ॲपवर आपला प्रतिसाद लिहायचा आणि दोन सहाध्यायांच्या प्रतिसादांना उत्तर द्यायचे. त्यावाचून अंतर्गत गुण मिळणार नाहीत. पहिला प्रश्न आला: 'भागीरथीच्या प्रतीक्षेविषयी तुम्हाला काय वाटते?'

मी चार परिच्छेद लिहिले. त्यांना कोणीही उत्तर दिले नाही. रात्री जेवताना सानिकाचा फोन आला. वर्गात माझ्याशी आपणहून बोलणारी ती एकटीच.

"करुणे, तू एवढं लिहिलंस की त्याच्यावर बोलायला जागाच नाय उरली. जरा कमी हुशार होऊन लिही ना."

मी प्रयत्न करीन असे सांगितले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज रघूने प्रतिसाद लिहिला. रघू म्हणजे शेवटच्या बाकावरचा. पालीच्या वरच्या अंगाला डोंगरात कुठेशी त्याची वाडी आहे. दिवाळीनंतर तो मुंबईला कामाला गेला आणि परीक्षेपुरता येणार आहे, असे सानिका म्हणते. त्याने पहिल्यांदाच काही लिहिले, आणि ते एवढेच:

'आज पण पत्ता नाय. रात्रभर पडवीत दिवा लावून ठेवला व्हता. घरात मन लागत नाय.'

वर्ग अक्षरशः थरारला. केतन, जो 'संरचना' हा शब्द आपण चहा मागतो तितक्या सहजतेने वापरतो, त्याने लिहिले की रघूने भागीरथीविषयी न लिहिता भागीरथी होऊन लिहिले आहे. त्यानंतर सर्वांनी रघूलाच उत्तरे दिली, कारण त्याचे लिखाण लहान होते. मीही दिले. माझे चार परिच्छेद मला एकाएकी फार फुगलेले वाटले.

आमच्या घरामागच्या कोंडवाड्यात काल एक म्हैस आणून कोंडली आहे. बाबा ग्रामपंचायतीत लिपिक असल्याने कोंडवाड्याची किल्ली आमच्याच खुंटीला असते. भातकापणी झाली की इकडे गुरे मोकळी सोडतात. ही भटकत येऊन कोणाच्या तरी कुळथात शिरली. कोंडवाडा आणि माझी खिडकी यांमध्ये केवळ जांभ्या दगडाचा एक कमरेएवढा गडगा आहे. ती सारखी हंबरते. तिच्या हंबरण्यात भागीरथीचे मौन वाचणे कठीण जात आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

प्रश्न होता: 'कादंबरीतील गौण पात्रांचे महत्त्व विशद करा.' रघूने लिहिले:

'चांद्रीला वढ्याच्या पलीकडं कोणी बघितली म्हणतात. माझ्याशिवाय ती कोणाच्या हातचं खात नाय.'

मी थबकले. चांद्री कोण?

संध्याकाळपर्यंत सर्वांनी चांद्रीवर लिहिले होते. केतनच्या मते चांद्री ही भागीरथीची दडपलेली दुसरी बाजू आहे. राहीने लिहिले की तिलाही पहिल्यापासून चांद्रीच अधिक आवडत होती. सानिकाने लिहिले, 'चांद्रीच्या शेवटच्या प्रसंगाला मी खूप रडले.'

मी सानिकाला फोन केला आणि तो प्रसंग कोणता, असे विचारले.

"तोच गं. शेवटचा."

"कोणत्या पानावर?"

"माझ्याकडे मोबाईलवरची प्रत हाय. तिला पानं नसतात."

मी कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. भागीरथी आहे, सासू आहे, बंदरावरचा कारकून आहे, एक आंधळा नाखवा आहे. चांद्री नाही. आपण एवढे लक्ष देऊन वाचतो अशी माझी समजूत होती.

शनिवार, २२ नोव्हेंबर

माझी प्रत संक्षिप्त असावी, हा एकच तर्कशुद्ध निष्कर्ष. म्हणून आज एसटीने रत्नागिरीला जाऊन जुन्या वाचनालयात गेले. तेथील ग्रंथपालांना फार भीत भीत विचारले. त्यांनी चष्मा वर केला.

"चांद्री? ती पहिल्या आवृत्तीत होती. नंतर काढली. तेव्हा फार बोभाटा झाला होता."

"पहिली आवृत्ती आहे का आपल्याकडे?"

"होती. ती पण काढली."

घरी आले तेव्हा बाबा अंगणात गवताचा भारा सोडीत होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि चौकशी केली. मी सर्व सांगितले.

"म्हणजे तुला तुझी चांद्री सापडत नाय, आणि मला ह्या म्हशीचा मालक सापडत नाय," बाबा म्हणाले. "दोघींनी मिळून डोकं उठवलंय आपलं."

बाबांना साहित्याची गोडी नाही. पण त्यांना माझी काळजी वाटते, हे मी जाणते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रघूचे आजचे लिखाण:

'पोटात हाय तिच्या. दिवस भरत आले. कुठं बसली असंल, काय खात असंल.'

यानंतर वर्गात जो गदारोळ झाला त्याचे वर्णन करणे माझ्या लेखणीच्या आवाक्याबाहेरचे आहे. चांद्री कुमारी माता आहे काय, मूल कोणाचे, आणि भागीरथीच्या नवऱ्याने तारवावर जाण्याचे खरे कारण हेच नव्हे काय, यावर दिवसभर वाद झडला. केतनने नवऱ्याला दोषी ठरविले. राहीने आंधळ्या नाखव्यावर संशय घेतला. दुपारी स्वतः रेणुका मॅडम अवतरल्या: 'रघूने बोलीचा जो कस लावला आहे त्यातून सर्वांनी शिकावे. अंतर्गत मूल्यमापनासाठी निबंध: चांद्रीची व्यक्तिरेखा.'

मॅडमनाही चांद्री ठाऊक आहे. मग जिला ती दिसत नाही अशी मी एकटीच.

चांद्री कादंबरीत नाही, असे लिहायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा पुसले. सर्वांना जे दिसते ते मला दिसत नाही, हे चारचौघांत मान्य करायचे तरी कसे? रात्री जेवणापूर्वी मी चांद्रीवर निबंध लिहून पाठविला. तिचे डोळे मोठे आणि सोशिक आहेत, असेही लिहिले. ते मला कोठून सुचले, देव जाणे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

निबंधाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. इतके मला कधीच मिळाले नव्हते, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

मॅडमचा फोन आला. विद्यापीठाच्या विद्यार्थी चर्चासत्रात महाविद्यालयातर्फे मी निबंध वाचायचा आहे: 'चांद्री: एक उपेक्षित स्त्री'. मी नको म्हणाले. पण फोनवर माझा आवाज इतका लहान होतो की तो होकारच ऐकू गेला असावा.

संध्याकाळी गुरांचा एक व्यापारी येऊन म्हशीला चहूबाजूंनी बघून गेला. मालक न आल्यास सोमवारी सकाळी अकरा वाजता लिलाव होणार. आई अस्वस्थ झाली आहे.

"गाभण हाय बिचारी. आज उद्या विणार, आणि हा न्यायला बसलाय. मी पेज ठेवली, पेंड ठेवली. कोणाच्याच हातचं खाईना."

"आई," मी म्हटले, "मला चांद्रीच्या एकाकीपणाविषयी उपसंहार लिहायचा आहे. जरा शांतता मिळेल का?"

आई पेजेचे भांडे घेऊन परत आत गेली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी रघूने लिहिले: 'कोणी बांधून घातली असंल तर सोडा. पाया पडते. कपाळाला चांद हाय तिच्या, त्यावरनं वळखा.' त्याखाली बदामांची रांग लागली. स्त्रीच्या तोंडून बोलण्याचे रघूचे धैर्य केतनला अपूर्व वाटले. कपाळावरचा चांद म्हणजे सौभाग्याचे कुंकू की कलंक, असा प्रश्न राहीने उपस्थित केला.

दुपारी आई-बाबा विहारातल्या कार्यक्रमाला गेले. म्हशीला पाणी दाखवायचे काम माझ्याकडे आले. मी बादली घेतली आणि बगलेत निबंध घेतला; मोठ्याने वाचायचा सराव हवा होता आणि कोंडवाड्यात ऐकणारे कोणी नव्हते.

बादली गडग्यावरून आत उतरवली आणि वाचू लागले: "अध्यक्ष महोदय, चांद्री ही…"

म्हशीने मान वळवली.

मी थांबले. तीही थांबली. मी पुढे वाचले: "भागीरथीच्या तुलनेत चांद्रीची वेदना…" तिने कान हलवले आणि हंबरली. भागीरथीला तिने काहीच प्रतिसाद दिला नव्हता. मी खात्रीसाठी संपूर्ण दुसरा परिच्छेद वाचला. त्यात मी अलंकारासाठी ते नाव वारंवार योजले आहे. प्रत्येक वेळी तिने उत्तर दिले, आणि परिच्छेद संपेपर्यंत ती गडग्याशी येऊन माझ्या निबंधाच्या पानांना नाक लावून उभी राहिली.

कपाळावर पांढरा चांद होता. डोळे मोठे आणि सोशिक होते.

 मग हळूच, निबंध बाजूला ठेवून, "चांद्री" म्हटले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

रघूचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. त्यांत साहित्य कुठेच नाही. 'पाया पडते' लिहिणारा रघू नव्हेच. मुंबईला जाताना त्याने फोन घरी ठेवला असणार आणि त्याच्या आईला त्यात लिहायला एक चौकोन सापडला असणार. 'आपले मत येथे मांडा,' असे त्या चौकोनात लिहिलेले असते. तिने मांडले.

त्या फोनचा नंबर आमच्याकडे नाही. सानिकाकडे रघूचा जो नंबर आहे तो बंद लागतो. महाविद्यालयाचे कार्यालय सोमवारी दुपारी उघडेल. बाबांना सांगितले. ते हसले नाहीत.

"लिलावाची नोटीस लागलीय. वर्गात कोणीतरी काय लिवलं म्हणून ती काढू? मालकाला येऊ दे, म्हस त्याला वळखते की नाय बघू दे, मग मी स्वतः दोर हातात देतो. वाडी कुठली?"

"पालीच्या वरच्या अंगाला."

"तिकडं वाड्या काय कमी हायत, करुणे?"

म्हणजे सांगायचे ते त्याच चौकोनात, सर्वांसमोर. चांद्री म्हैस आहे असे लिहिताच संपूर्ण वर्गाचे, मॅडमचे आणि माझे स्वतःचे पैकीच्या पैकी गुण कोसळणार. अकरा वेळा हात धुऊन झाल्यावर लिहिले:

'सविनय निवेदन की, आपल्या चर्चेत ज्या चांद्रीचा वारंवार उल्लेख होत आहे ती वस्तुतः एक गर्भवती म्हैस असून सांप्रत आमच्या गावच्या कोंडवाड्यात स्थानबद्ध आहे. सोमवारी पूर्वाह्णी तिचा लिलाव योजिला असल्याने संबंधितांनी तत्पूर्वी उपस्थित राहून स्वामित्व सिद्ध करावे…' पुढे गावाचे नाव, रस्ता आणि खेदाचे दोन परिच्छेद.

केतनने पाच मिनिटांत लिहिले: 'कोंडवाडा! समाजव्यवस्थेला इतके नेमके रूपक मराठीत आजवर कोणी दिले नव्हते.' राहीने विचारले की लिलाव म्हणजे विवाहसंस्था का. मॅडमनी लिहिले: 'उत्तम. हे चर्चासत्रात अवश्य घ्या.'

संध्याकाळी रघूच्या नावाने आले: 'बाय, लय मोठं लिवलंस. वाचता वाचता चार्ज गेला. तू पण माझी काळजी करतंस, बरं वाटलं.'

आयुष्यभर ज्या भाषेसाठी मला बक्षिसे मिळाली त्या भाषेत मी एका बाईला तिची म्हैस कुठे आहे हे सांगू शकले नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

ॲपवर आवाज नोंदवून पाठवता येतो, हे ठाऊक होते. मी तो मार्ग कधी वापरला नाही. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी माझा आवाज ऐकलेला नाही. आज कोंडवाड्याच्या गडग्यावर बसून प्रयत्न केला. पहिल्यांदा 'सविनय' एवढेच म्हटले आणि पुसले. दुसऱ्यांदा रडू आले, तेही पुसले. आई दारातून पाहत होती.

"करुणे, तू तिच्यासमोर उभी हायस असं समज आणि बोल."

मग जे पाठवले ते असे: "काकू, मी करुणा. तुमची म्हस आमच्याकडं हाय. चांद्री. बरी हाय, पण खात नाय. उद्या अकराच्या आत या, नायतर व्यापारी घेऊन जाईल तिला." पुढे गावाचे नाव आणि एसटीचा थांबा. मागून चांद्री हंबरली, तेही गेले.

सर्वांनी माझा आवाज ऐकला. या वर्गात असे प्रथमच झाले. मग केतनने लिहिले, 'सादरीकरण प्रभावी. पार्श्वध्वनीचा वापर विशेष.'

अंधार पडता पडता रघूच्या नावाने एकच शब्द आला: 'येतंय.'

सोमवार, १ डिसेंबर

नऊची एसटी आली, तीतून कोणी उतरले नाही. व्यापारी दहालाच टेम्पो घेऊन आला आणि बाबांशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. मी थांब्यावर उभी राहिले. अकराला थोडाच अवधी असताना डोंगराच्या बाजूने एक बाई पायी येताना दिसल्या. खांद्यावर दोर, हातात पिशवी. एसटी चुकली म्हणून त्या डोंगरमाथ्याच्या सड्यावरून आडवाटेने उतरल्या होत्या.

"तू करुणा? आवाजावरनं मोठी वाटली व्हतीस. मी सगुणा, रघूची आई."

त्यांनी गडग्यापाशी जाऊन हाक मारली नाही. नुसत्या खोकल्या. चांद्री धावली ती थेट फाटकावर आदळली. बाबांनी व्यापाऱ्याकडे पाहिले. व्यापाऱ्याने टेम्पोकडे पाहिले. काकूंनी पिशवीतून भाकरी काढली आणि चांद्रीने ती पिशवीसकट खाण्याचा प्रयत्न केला. बाबांनी पंचनाम्याचा कागद लिहिला आणि म्हटल्याप्रमाणे दोर स्वतः हातात दिला.

आईने चहा केला. काकू ओटीवर बसल्या.

"तुमची सगळी पोरं चांगली हो. रोज विचारायची. तो केतन तर काय काय लिवायचा, अर्धं कळायचं नाय, पण जीव तुटत व्हता त्याचा. घरची माणसं नाय एवढी करत." मग त्यांनी आवाज उतरवला. "एक विचारू? त्या भागीरथीचा नवरा आला का गं?"

मी चहाची कपबशी त्यांच्यापुढे सरकवली.

"आधी सगळी तिच्यावरच लिवत व्हती. मग माझी म्हस हरवली तशी सगळी माझ्याच मागं लागली. तिला बिचारीला कोण विचारीना. मला रोज वाटायचं, माझ्यापायी तिचं राहिलं."

"नाही आला," मी म्हणाले.

"किती वर्सं झाली?"

"पुष्कळ."

"मुंबईला बघितलं का? तारवावरची माणसं तिथंच उतरतात. आमचा रघू हाय तिकडं, त्याला चौकशी करायला सांगते. नाव काय नवऱ्याचं?"

मी नाव सांगितले. ते सदतिसाव्या पानावर एकदाच येते. काकूंनी ते दोनदा म्हणून पाठ केले, आणि चांद्रीला घेऊन डोंगराच्या बाजूने निघून गेल्या.

दुपारी मॅडमचा शेवटचा प्रश्न आला: 'भागीरथी व चांद्री यांची तुलना करा.' त्याला मी लिहिलेले उत्तर येथे उतरवून ठेवते.

'चांद्री सापडली. ती रघूच्या आईची म्हैस आहे आणि कादंबरीत ती कुठेही नाही. मी कादंबरी वाचली होती, तरी तिच्यावर निबंध लिहिला. त्याचे गुण काढून घ्यावेत. चर्चासत्रात मी वाचीन तर भागीरथीवर वाचीन, अन्यथा दुसऱ्या कोणाला पाठवावे. भागीरथीचा नवरा अद्याप परत आलेला नाही. रघू मुंबईत चौकशी करीत आहे.'

पाठविले: सोमवार, दिनांक १ डिसेंबर २०२५, सायंकाळी सात वाजून वीस मिनिटे.